तोंडातलं पाणी

अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होतील, त्याची माफी असावी. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. पण सातपाटीच्या जानूबाय सुईणीबद्दल कोणी दोन ओळीही लिहिल्या नाहीत, म्हणून मी बसले आहे.

जानूबाय प्रत्येक बाळाला जन्मताच मारायची. चापटी नव्हे, मारच. उलटं धरून पाठीवर फटके, आणि वर ओरडणं, "थुक ते पानी! थुक!" मोठ्यांनाही ती सोडत नसे. अडलेल्या बायकोच्या अंगावर धावून गेलेल्या एका तांडेलाचे, म्हणजे होडीच्या म्होरक्याचे, दोन दात तिने वल्ह्याने पाडले होते. तो पुढे तिला रस्ता सोडून चालायचा.

मी चौथीत होते, साठ-एकसष्ट सालची गोष्ट. गुरुजी वर्गात म्हणाले, आधी जमिनीवर काहीच नव्हतं. समुद्रात डोळ्यांना न दिसणारे जीव झाले, त्यांचे पुढे मासे झाले, आणि फार फार काळाने काही मासे जमिनीवर आले. त्यांच्यापासून जनावरं आणि आपण. मी हे जानूबायला सांगितलं. वाटलं, हसेल. ती मला ओहोटीच्या वेळी खाडीवर घेऊन गेली.

चिखलात निवटे चालत होते. निवटा म्हणजे परांवर रेटत चालणारा मासा, डोळे डोक्यावर. दोघे बिळासाठी भांडत होते, तोंडात तोंड घालून. एकाचा पर फाटून लोंबत होता, तरी तो सोडत नव्हता.

"बग," जानूबाय म्हणाली. "पान्यात जो तो दुसऱ्याला गिलतो. मार खाऊन भायेर आला हा. सुखानं कोन येतो? आनि लबाड कसा, येताना तोंडात पानी भरून आनलं. समुद्र सोडवत नाय."

मग तिने त्यालाच पकडलं, अंगठ्याने डोकं चिरडलं आणि मडक्यात टाकला. "गुरुजीला सांग, आज आज्याचं कालवन हाय. जेवायला ये."

पुढे माझं लग्न गावातच झालं. पहिल्या खेपेला मी दोन दिवस अडले. मुलगा झाला तो निळा, रडला नाही, हलला नाही. सासूने फडकं आणलं.

"मेलेला हाय. गुंडाल आनि दे, जानूबाय."

जानूबायने तिला लाथ घातली. सासू चुलीपाशी जाऊन पडली. मग तिने पोराला पायांना धरून लटकावलं आणि फटका मारला. त्याच्या नाकातोंडातला चिकटा स्वतःच्या तोंडाने ओढून भिंतीवर थुंकली. पुन्हा फटका. त्याच्या पाठीवर तिची बोटं उमटली. मी पडल्या पडल्या किंचाळत होते.

दारातून नवरा ओरडला, "जानूबाय, मारशील त्याला!"

"मेला म्हनता ना? मग मारू दे!"

पुन्हा फटका. "थुक, भाडखावा! मायच्या पोटातला समुद्र थुक!"

तो थुंकला. मग असा ओरडला की सासू पडल्या जागी रडायला लागली. जानूबाय घामाने भिजली होती, ओठांना माझं रक्त लागलेलं. पोराला माझ्या छातीवर टाकून म्हणाली, "पयला निवटा पन असाच बोंबलला असल."

पुढच्याच थंडीत तिच्या छातीत पाणी झालं. पालघरच्या डॉक्टरांनी हात टेकले. मी पोराला कडेवर घेऊन गेले, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. श्वासाला घरघर लागली होती. मी पोराला खाली ठेवलं, तिला पुढे वाकवलं आणि तिच्यासारखाच हात उगारला.

"थुका, जानूबाय. थुका ते पाणी."

तिने माझं मनगट धरलं. त्या हातात अजून जोर होता.

"नको मारू, बाय," ती म्हणाली. "आता परत जायचं हाय. ते पानी लागल."