दाराखालचा वारा

थंडी पडली की आमच्या मागच्या दाराखालून वारा आत शिरतो आणि थेट आईच्या खाटेकडे जातो. ही फट पप्पांची कलाकारी. पावसाळ्यात लाकूड फुगून दार अडकलं की ते रंधा काढून दार तासतात. हिवाळ्यात लाकूड सुकतं आणि फट बोटभर होते. हे दरवर्षी चालतं.

काल मी छाती फुगवून पप्पांच्या आवाजात म्हटलं, "अजून थोडं तासतो, मग बघ कसं पळतं दार!" आई हसली, हसता हसता खोकायला लागली आणि खोकतच राहिली. माझी नक्कल तिथंच थांबली.

आपण घर दुरुस्त करतो ते आजच्या त्रासापुरतं. घराला मात्र बाराही महिने काढायचे असतात. तेव्हाच ठरवलं, यंदा हा वारा बंद.

आज दाराला खालून रबराची पट्टी ठोकली.

"पावसाळ्यात अडकेल हं," पप्पा म्हणाले.

"रबर आहे पप्पा, वाकेल. पण तुम्ही रंध्याला हात लावायचा नाही!"

आईनं फटीशी तळहात धरून पाहिला. मग भरदुपारी खाटेवर आडवी होत म्हणाली, "चहा तुमचा तुम्ही करून घ्या. मला उठवू नका."