तांबूस केसांचं पोर

भोरच्या सभेत कुणीतरी बसायला नवं घोंगडं अंथरलं. त्याच्या चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास आला, आणि मी आठ वर्षं मागे, पासली गावाच्या वरच्या धनगरवाड्यात जाऊन बसलो.

तिथे एका घरात तान्ह्या पोराचे केस तांबूस निघाले. पोर परक्याचं, असं ठरवून म्हातारा सासरा सुनेला माहेरी हाकलत होता. मी अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारा कार्यकर्ता, आनुवंशिकतेवरचं पत्रक पाठ करून समजूत घालायला गेलेलो. म्हणालो, "केसांचा रंग आईबाप दोघांकडून येतो, कधी पिढ्यान्‌पिढ्या दडून बसतो. तुमच्या काळ्या मेंढ्यांना तांबडं कोकरू होतंच ना कधी?"

"व्हतंय की," म्हातारा म्हणाला. "मेंढा घरचाच असला तरी व्हतंय."

"मग त्यात मेंढीचा काय दोष?"

"दोष न्हाई, पावणं. पर घोंगडीला लोकर काळीच लागती. तसली मेंढी आमी कोकरासकट इकून टाकतो."

सून दारातून ऐकत होती. तिने पोर पोटाशी धरलं, गाठोडं उचललं आणि उतरणीला लागली.

तेव्हा मी त्यांच्या अडाणीपणावर संतापलो होतो. म्हातारा अडाणी नव्हताच. बाई निर्दोष आहे हे त्याला पटलं होतं, आणि त्याने काहीही बदललं नाही.