विहिरीतला गण

वरचा कडा ढासळला आणि भावजय कमरेपर्यंत मातीत गेली. मी तिच्या बगलेत हात घालून ओढलं, ती हलेना. आटलेल्या विहिरीच्या तळाशी आम्ही दोघी झऱ्याचं पाणी वाटीनं घागरीत भरत होतो. आता ना घागर दिसत होती, ना वर यायच्या पायऱ्या. विहीर गावापासून लांब. मी हाका मारल्या, त्या वरच्या वर विरल्या. माती अजून गळतच होती. आणखी एक ढेकूळ सुटलं असतं तर भावजय गळ्यापर्यंत गेली असती.

बहात्तरच्या दुष्काळाचे ते दिवस. जत्राच भरेनात, म्हणून आमचा तमाशाचा फड मोडला आणि मी जामखेडकडच्या आमच्या गावी भावाकडे आले होते. त्याआधी जत्रांचा हंगाम सरला की मी मुंबईच्या थिएटरात असायचे. दिसायला देखणी होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. ते माझं भांडवल होतं आणि मी ते नीट वापरलं. भिंतींवर माझी चित्रं लागायची. पण तिथे माईकपुढे उभं राहायचं. मालक म्हणायचा, "बाई, घसा कशाला फोडता? लोक तोंड बघायला येतात." त्याचं खोटं नव्हतं. गावच्या जत्रेत मात्र पार मागे झाडावर बसलेल्यालाही ऐकू जाईल असा आवाज लावावा लागतो. तो आवाज शहरात मी गुंडाळून ठेवला होता. विहिरीत तोंड चिखलानं माखलेलं, बघायला कुणी नाही. उरला तो आवाजच.

हाकेपेक्षा गाणं लांब जातं, म्हणून मी गण धरला. गण म्हणजे तमाशाच्या सुरुवातीचं गणपतीचं गाणं. तो शाहीर म्हणतो, बाई म्हणत नाही. बाईनं मागाहून गवळणीला पुढे यायचं. इतकी वर्षं राहुटीत घुंगरं बांधताना तो माझ्या कानावर पडला, पण देवाचा म्हणून मी कधी ऐकला नव्हता.

"वन्सं, गप बसा!" भावजय ओरडली. "हितं कोन शिट्ट्या मारायला बसलंय? तुमच्या आवाजानं वरली माती यील."

"गप बसले तरी येनारच हाय. तू देवाचं नाव घे."

"तुमी घेताय की! त्यो तरी ऐकंल का तुमचं?"

मी गात राहिले. कडवं संपलं की शाहीर थांबतो आणि मागचे झीलकरी शेवटचा सूर उंच उचलून धरतात. ती झील मिळाल्याशिवाय गण पुरा होत नाही. मी सवयीनं थांबले.

आणि वरून झील आली. पुरुषाचा आवाज, म्हातारा, पण सूर नेमका. भावजयीनंही ऐकला, कारण तिनं मान वर केली. मी दुसरं कडवं म्हटलं. या वेळी झील अगदी काठावरून आली आणि तिच्यामागोमाग हाक, "पळा रं, आत बाया हायेत!"

रस्त्याच्या दुष्काळी कामावरची माणसं धावली. दोन गडी दोरानं उतरले, हातांनी माती उपसून भावजयीला मोकळी केली आणि आम्हाला वर काढलं. वर आल्याबरोबर मी झील धरणाऱ्याला शोधलं. लोक म्हणाले, तांबड्या पटक्याचा एक म्हातारा होता, आम्हाला विहीर दाखवून आपली बैलं घेऊन गुरांच्या छावणीच्या वाटेनं गेला. कुठला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एखाद्या जुन्या फडातला झीलकरी असेल, असं ते म्हणाले. असेलही. मी वाद घालत नाही. मी थांबले तिथून पुढचा सूर कुणीतरी उचलला, एवढं मला कळतं. आपलं कडवं आपण छाती भरून म्हणावं. पुढचं आपल्या हातात नसतं, आणि नसतं तेच बरं.

पाऊसपाणी झालं, फड पुन्हा उभे राहिले, भिंतींवर माझी चित्रंही पुन्हा लागली. फरक एवढाच पडला की बाहेर गण सुरू झाला की मी घुंगरं खाली ठेवून हात जोडू लागले. भावजय याला अजून ढोंग म्हणते. म्हणू दे.

त्या विहिरीतून आम्ही दोघी जिवंत वर आलो, मी आणि ती.