दसऱ्याचा वास

उज्वला घोटीची. गावातले डायलिसिसचे पेशंट ती आपल्या जुन्या डिझेल गाडीतून नाशिकला नेते-आणते. सुरुवातीला लोक म्हणायचे, बाईच्या हाती गाडी आणि आत आजारी माणूस, कसं व्हायचं. आता तेच लोक आदल्या दिवशी फोन करून पुढची सीट धरून ठेवतात. कुणाला मळमळायला लागलं की ती बोलता बोलता काच खाली करते, विचारत बसत नाही. आगीला मात्र ती घाबरते. कसारा घाटात तिनं एकदा पेटलेली गाडी बघितली होती. तेव्हापासून घरातून निघताना गॅसचं बटणसुद्धा परत परत चाचपते.

दसऱ्याला नवऱ्यानं, दीपकनं, गाडी धुवून आणली. पूजेची गाडी नुसती धुवून भागत नाही. गंज चढू नये, खालचं लोखंड काळंभोर दिसावं म्हणून पोटाखालून डिझेलचा फवारा मारून घ्यायचा, मग झेंडूचा हार. वास काही दिवस राहतोच. म्हणून तो वास गेला नाही तरी उज्वला बिनघोर होती. दीपक म्हणाला फवाऱ्याचा आहे, तीही पेशंटना तेच सांगत राहिली.

दसऱ्यानंतर दहाव्या दिवशी सकाळी गाडीत एकट्या कुसाबाई होत्या. मागच्या खेपेचं डायलिसिस चुकलेलं, पाय सुजलेले, बोलताना दम लागत होता. वाडीवऱ्हे मागे पडलं आणि वास एकदम घशाशी आला. उज्वलानं गाडी कडेला घेऊन वाकून बघितलं. डांबरावर ओला डाग पडला होता. बघता बघता त्यात आणखी एक थेंब पडला.

फवारा इतके दिवस ठिबकत नाही.

"आजी, उतरा."

"आलं का नाशिक?"

"उतरा म्हणते ना."

कुसाबाईंना तिनं लांब, बाभळीखाली बसवलं आणि मेकॅनिकला, शाहनवाजला, फोन लावला. तो म्हणाला, ताई, फवाऱ्यानं सगळंच ओलं झालंय, नुसतं बघून कळायचं नाही. पाईप कोरडे पुसा, वर पावडर टाका, मग इंजिन चालू ठेवून खाली बघा. पावडर भिजेल तिथं गळती.

चालू ठेवून. उज्वलानं त्याला तेच पुन्हा विचारून घेतलं.

पावडर कुसाबाईंच्या पिशवीत निघाली. नर्सबाईंपुढं काय असंच काळं तोंड घेऊन जायचं, असं त्यांचं म्हणणं. "समदी नको सांडू," त्यांनी लांबून बजावलं.

उज्वलानं चाकांना दगड लावले, पाईप पुसून पावडरनं पांढरे केले, इंजिन चालू केलं आणि गाडीखाली रस्त्यावर आडवी झाली. शेजारून ट्रक गेला की जमीन पाठीला धक्के द्यायची. डोक्यावर इंजिन धडधडत होतं. मोबाईलचा उजेड एका जागी राहीना. पेटली तर आधी डोकं बाहेर काढायचं की पाय, एवढंच तिच्या मनात. तेवढ्यात एका रबरी जोडावर पावडर करडी झाली. करड्याची ओली रेघ खाली सरकली, थेंब होऊन लोंबली आणि तापलेल्या सायलेन्सरवर पडली. चर्र झालं. बारीक धूर निघाला.

ती कशी बाहेर आली तिला कळलं नाही. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं तेव्हा कोपरातून रक्त येत होतं.

"घावलं?" कुसाबाईंनी विचारलं.

"हो."

"मग फडकं बांध अन् चल हळूहळू. माझा नंबर जाईल."

"नाही, आजी."

"लय भित्री हायेस."

"आहे."

"अन् मी हितंच गेले, तर गं?"

कुसाबाईंच्या छातीचा भाता उज्वलाला एवढ्या लांबूनही दिसत होता. ती हायवेवर गेली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. गाड्या हॉर्न मारत वळसा घालून जात होत्या. शेवटी टोमॅटोचा पिकअप थांबला. ड्रायव्हर म्हणाला, आजींना घेतो, पण तुमची गाडी अशी रस्त्यावर टाकणार? कुणी हात मारला तर? उज्वलानं गाडीकडे बघितलं. घरातली चूल त्या गाडीवर चालत होती.

"राहू दे," ती म्हणाली. कुसाबाईंना आत बसवून ती मागे क्रेटांवर चढायला निघाली.

"उज्वले," आतून कुसाबाई धापा टाकत म्हणाल्या, "मला बी भ्या वाटतंय." आणि सुजलेले पाय उचलून त्यांनी सीटवर वीतभर जागा केली. "हितं ये."