गुणगुण नेमकी कुठली

हट्टा गावच्या प्रज्ञेशला आसपासच्या गावांत सगळे ओळखत. जयंती असो, लग्न असो, गायनपार्टी असो, साउंड त्याचाच. ऐन विशीपासून तो स्पीकरच्या भिंतींशेजारी उभा राहिला आणि चाळिशीच्या आत त्याच्या डाव्या कानात गुणगुण सुरू झाली. नांदेडच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "यापुढं मोठा आवाज बंद. नाहीतर आहे तोही कान जाईल." त्यानं डीजे मोडला आणि सभा-भाषणांपुरते माइक द्यायला लागला. कारण विचारलं की म्हणायचा, "त्यात आता दम न्हाई राहिला." खरं फक्त बायकोला, सपनाला माहीत होतं. ती अंगणवाडी चालवायची.

त्याच वर्षी त्याची आई लक्ष्मीबाई हिच्या गळ्यातली गाठ वाढली. लक्ष्मीबाई म्हणजे वस्तीचा आवाज. जात्यावरच्या ओव्या, बाबासाहेबांची गाणी, पाळणे, सगळं तिला तोंडपाठ, आणि त्यातलं पुष्कळसं तिनंच रचलेलं. ऑपरेशन ठरलं तेव्हा सर्जन म्हणाले, "आवाजाची नस गाठीला लागून आहे. जपू आम्ही, पण आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री देत नाही."

प्रज्ञेशनं लगेच मधल्या खोलीत माइक लावला आणि आईची होती नव्हती ती गाणी रेकॉर्ड केली. ती एकदा नीट ऐकून घ्यावीत, एवढंच राहिलं होतं. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून आणलेले जुने, भारी हेडफोन त्याच्याकडं होते. पण मोबाइलला ते झेपत नव्हते. आवाज बारीक आणि कोरडा यायचा, आणि वाढवला की कान दुखायचा. हळू आवाजातही भरीव ऐकू यावं म्हणून त्याला व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा जुन्या पद्धतीचा, अँप्लिफायर हवा होता.

परभणीत तातेराव नावाचे गृहस्थ घरीच असे अँप बनवायचे. त्यांनी दोन समोर ठेवले. "ह्या बुटक्यात ट्रान्सफॉर्मर हाय, आवाज गोड. ह्या लांबट्यात तो न्हाई. तुमच्या असल्या भारी हेडफोनला हा मानवंल. दोन्ही न्या. तुमचे कान म्हणतील तो ठेवा."

'कान' म्हटल्यावर प्रज्ञेशनं मान खाली घातली. दोन्ही खोकी मोटारसायकलला बांधली.

तो सोमवार होता. बुधवारी सकाळी आईला घेऊन नांदेडला निघायचं होतं.

घरी आल्यावर त्यानं आधी बुटका जोडला. काचेच्या नळ्या तांबूस झाल्या, आणि थोड्या वेळानं आईचा आवाज आला. गोल, उबदार, जवळचा. प्रज्ञेशचे डोळे भरले. "हाच," तो म्हणाला.

"दुसराबी ऐका ना," सपना म्हणाली.

लांबट्यावर तेच गाणं लावलं. आई आणखी पुढं आली. श्वास ऐकू आला, ओठ मिटल्याचा आवाजही आला. पण तळाशी एक गुणगुण सतत चालू होती. प्रज्ञेशनं गाणं थांबवलं, तरी गुणगुण थांबली नाही. हेडफोन काढला, तरी नाही. अँपात बिघाड आहे, की हा आपलाच कान? त्याला काहीच ठरवता येईना.

"सपना, तू ऐक."

तिनं हेडफोन घातला. गाणं सुरू केलं, थांबवलं, पुन्हा सुरू केलं. "मलाबी ऐकू येऊन राहिलं. पर गाणं थांबवलं की बंद होते."

"म्हंजे?"

"म्हंजे अँपात न्हाई. गाण्यात हाय."

"मग बुटक्यात काहून न्हाई?"

तिनं बुटका पुन्हा लावून पाहिला. त्यात गुणगुण नव्हती; तो खालचा आवाज गिळूनच टाकत होता. मग लांबट्यावर तिनं एकेक गाणं तपासलं. सगळ्यांत तीच गुणगुण. रेकॉर्डिंगच्या वेळी भिंतीपलीकडं स्वयंपाकघरातला फ्रीज चालू होता, त्याची. शिवाय माइक जास्त वाढवल्यामुळं वरच्या पट्टीत आवाज फाटला होता. गावोगावचं साउंड सांभाळलेल्या माणसाला स्वतःच्या आईच्या गाण्यातला फ्रीज कळला नव्हता.

प्रज्ञेशनं लांबट्याची वायर काढली. मग म्हणाला, "बुटकाच ठेवू. त्यात माय गोड लागते."

"गोड लागते, पर आख्खी न्हाई लागत," सपना म्हणाली. "उद्या आवाज गेला तर हेच राहणार हाय आपल्यापाशी."

"डॉक्टरनं गळ्याला आराम सांगितला. कोणत्या तोंडानं म्हणू परत गा म्हणून?"

सपनानं लांबटा पुन्हा जोडून ठेवला.

मंगळवारी दुपारी तो आईपुढं बसला. लक्ष्मीबाई दवाखान्याची पिशवी भरत होती. पुन्हा गायचं ऐकून ती भडकली. "एकदा गायले ना? काहून जीव काढून राहिला? मी काय माघारी येणार न्हाई का तिथून?"

"तसं न्हाई, माय. चूक माझी झाली. माझा डावा कान गेलाय. रेकॉर्डिंग खराब झालं ते मला ऐकूच न्हाई आलं."

लक्ष्मीबाईचा हात पिशवीत तसाच राहिला. "कवापासून?"

"डीजे मोडला तवापासून."

"आन् मला आज सांगतो?" ती लुगड्याचा पदर सावरून उठली. "तो फ्रीज बंद कर आधी."

या खेपेला हेडफोन सपनाच्या कानावर होते. आवाज फाटायला लागला की ती हात वर करायची, प्रज्ञेश माइक कमी करायचा. लक्ष्मीबाईनं निवडून गायलं. 'शिकलं माझं लेकरू, उजळला उंबरा' ही तिचीच ओवी होती. मधे खोकला यायचा, ती थांबायची, पाण्याचा घोट घ्यायची. पाळण्याच्या शेवटच्या कडव्यात तिनं गळ्यावर हात दाबला. प्रज्ञेश उठला, पण तिनं डोळ्यांनीच त्याला बसवलं आणि कडवं पुरं केलं. मग म्हणाली, "आता बास." पुष्कळ गाणी राहून गेली. आणखी मागायची कोणाची छाती झाली नाही.

ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. पण शुद्धीवर आल्यावर आईच्या तोंडून नुसती हवा यायची. खूण करून ती पाणी मागायची आणि प्रज्ञेश ते देऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहायचा. टाके निघाल्यानंतर हळूहळू आवाज आला, जाडा आणि घोगरा. वरची पट्टी परत आली नाही. आता जयंतीला ती बायकांच्या मागं बसून कोरस धरते, आणि पुढची बाई चुकली की तिथूनच हटकते.

बुटका अँप तातेरावांकडं परत गेला. लांबटा घरात राहिला. लक्ष्मीबाईनं त्यावर स्वतःला एकदाच ऐकलं, अर्धंच. हेडफोन काढून सुनेच्या हातात दिला आणि म्हणाली, "बराबर हाय. मीच हाय ती."

पुढं लक्ष्मीबाईच्या रेकॉर्डिंगचं ऐकून तांड्यावरची रूपाबाई आपलीही गाणी भरून घ्यायला आली. तिनं प्रज्ञेशला विचारलं, "गाणी नीट भरली का, ऐकून कोण पाहणार?"

"ही पाहंल," तो सपनाकडं बोट दाखवून म्हणाला. "माझा एक कान कामाचा न्हाई."