घोडीच्या अंगावरचं पाचट

मुलांनो, घोडीसाठी तिकडून सांध्यांच्या औषधाचा डबा पाठवू का, असं तुम्ही विचारलंत. फोनवर तुम्हाला तिचं तोंड दिसतं, पाय दिसत नाहीत. म्हणून डबा पाठवायच्या आधी हे लिहिते आहे.

कळसच्या माळावर तुम्हाला पाठीवर घेऊन फिरायची ती हीच. आजूबाजूच्या गावांतले कितीतरी नवरदेव तिच्यावर बसून मारुतीला गेले. आता ती म्हातारी झाली आहे. सकाळची पहिली पावलं लाकडासारखी पडतात, ऊन चढलं की मोकळी होते, माझ्यासारखीच. त्याचं मला फारसं वाटलं नव्हतं. पण थंडीच्या तोंडाशी लक्षात आलं, ती आडवीच होत नाही. घोडे उभ्यानं डुलकी काढतात, गाढ झोप मात्र आडवं झाल्यावरच लागते. तिच्याखाली अंथरलेलं उसाचं पाचट सकाळी जसंच्या तसं असायचं. एकदा पेंगताना तिचे पुढचे गुडघे दुमडले आणि ती दचकून सावरली. अशीच कधी कोसळली तर पुन्हा उठायची नाही, हे मला आणि तुमच्या आजोबांना, दोघांनाही कळत होतं.

बारामतीहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी खूर, दात, पाय पाहिले.

"बसलं तर उठता येणार नाही, याची धास्ती आहे तिला," त्या तुमच्या आजोबांना म्हणाल्या. "सांध्यांच्या पावडरीनं काहींना गुण येतो, काहींना नाही. देऊन बघा. पण आबा, एका वेळी एकच. नाहीतर कशानं फरक पडला ते कळायचं नाही."

दुकानातून मी डबे मागवले आणि चष्मा लावून वाचत बसले. एकावर उधळलेला घोडा होता, आत काय किती आहे याचा पत्ता नव्हता.

"ह्योच घे. पळतंय की घोडं," तुमचे आजोबा म्हणाले.

"चित्र खायला घालायचंय का तिला?"

ज्यावर सगळं नीट लिहिलं होतं तो डबा ठेवला. रोज भिजवलेल्या कोंड्यात पावडर कालवायची आणि वाट पाहायची. पहाटे उजनीकडून धुकं यायचं, कारखान्याचा मळीचा वास त्यात विरघळलेला असायचा. धुक्यात तिचे पाय दिसेनासे व्हायचे. भिगवणच्या पाण्यात पक्षी उभे असतात तशी ती उभी असायची, आणि तिला पाहता पाहता मलाच झोप यायची.

मग एका सकाळी तिच्या कुशीला पाचट चिकटलेलं दिसलं. मानेवरही होतं. मी ते काढलं नाही, नुसता हात फिरवला.

त्या आनंदात चहाबरोबर डिंकाचा लाडू घ्यायला गेले, तर डब्याचा तळ दिसत होता.

"अहो, लाडू कुठं गेले?"

"तिलाबी गुडघं हायतच की."

"कधीपासून देताय?"

"तुझ्या पावडरीच्या आधीपासनं. ती आडवी व्हायची वाट बघत नुसतं बसू व्हय?"

डॉक्टरीणबाई फोनवर खूप हसल्या. मग म्हणाल्या, "आबांना सांगा, लाडू बंद. इतकं तूप-गूळ तिला झेपायचं नाही. पावडर राहू द्या."

तेव्हा कशानं गुण आला, ते मला सांगता येणार नाही. डबा पाठवू नका. इथल्या डब्यात काय आहे ते मी वाचलेलं आहे.

घोडी आहे. तिच्या पाठीवर आता कुणी बसत नाही. पहाटे ती आडवी होते आणि आपली आपण उठते.