दाताचा ताप

माझी पहिली मुलगी आठ महिन्यांची असताना तिच्या खालच्या हिरडीत पांढरं टोक दिसू लागलं. लाळ गळायची, हाती लागेल ते चावायची. त्यातच ताप आला, मग जुलाब.

"दात येऊन राह्यले तिले. दाताचा ताप हाये, उतरते," सासू म्हणाली. मलाही ते पटलं. आमच्या गल्लीत सगळ्याच लेकरांना असा ताप यायचा. वांग्यांचा तोडा सुरू होता, मी तिला बांधावर झोळीत टाकून कामाला लागले. तिसऱ्या दिवशी ती रडायची थांबली, तेव्हा आराम पडला असं वाटलं मला. दुपारी तिचे डोळे खोल गेलेले दिसले. जीप करून रिसोडच्या दवाखान्यात पोचलो, पण उशीर झाला होता.

शेवटची आंघोळ घालताना तिचं तोंड किंचित उघडं राहिलं. दात वर आला होता. कणभर, स्वच्छ.

दोन वर्षांनी मुलगा झाला. सहाव्या महिन्यापासून मी त्याच्या तोंडात पाहायचं टाळू लागले. एके सकाळी खिचडी भरवताना चमच्याला काहीतरी टक्कन लागलं. चमचा तसाच ताटलीत ठेवून मी बाहेर जाऊन उभी राहिले. घरात तो हसत होता आणि मला दोन लेकरं हसताहेत असं ऐकू येत होतं.

आठवड्याभरात त्यालाही ताप भरला. नवरा म्हणाला, "दाताचाच असन. उद्या पाहू."

"मी चालली. तुमाले यायचं तं या."

डॉक्टरीणबाईंनी कान तपासला. आत पू झाला होता. "दातानं अंग थोडं कोमट होतं. इतका ताप येत नाही, जुलाबही होत नाहीत," त्या म्हणाल्या.

"कधीच नाही?" मी विचारलं.

"नाही."

मी औषधाची चिठ्ठी घेतली. औषधानं तो चार दिवसांत बरा झाला. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मी घरी आल्यावर सांगितलं. सासू भाजी निवडत होती. ऐकलं, पण मान वर केली नाही.

पुढे शेजारणीचं लेकरू तापलं, तेव्हा सासूचा आवाज कुडापलीकडून आला, "दाताचा नोको म्हनू, बाई. आदी दवाखान्यात ने."

आम्ही दोघी त्याबद्दल एकमेकींशी आजवर बोललेलो नाही.